भिंतीतली चोवीस मडकी

ओळंबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला लोखंडी लट्टू बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूस दोरीशिवाय, नुसता एक डोळा मिटून, भिंत किती सुताने कललीय ते सांगायचा, म्हणून लोकांनी त्याला ते नाव चिकटवलं. स्वभावही तसाच, सरळ आणि जड. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी भिंतीवरचा वाकडा फोटो आधी सरळ करायचा, मग पाणी प्यायचा. आणि भिंतीत भोक दिसलं की त्याचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. खिळ्याचं असो की उंदराचं, ते बुजवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. बायको म्हणायची, "ह्यांच्या घरात तोंड उघडं टाकून झोपायची सोय नाही."

असा हा माणूस एकाच जागी गप्प बसायचा, ती म्हणजे चर्चमध्ये. दर रविवारी तो मधल्या बाकावर बसे, मान मागे टाके आणि तोंडाचा आ करून वर पाहत राही. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून दगडी कमानी उठलेल्या आणि थेट वर, चार मजले उंचीवर, एकमेकींना भेटलेल्या. दोनशे वर्षं झाली, एक दगड हललेला नाही. लोकांना वाटतं, कमान चुन्यावर टिकते. गवंड्याला ठाऊक असतं, की त्यातल्या प्रत्येक दगडाला खाली पडायचं असतं. पण सगळ्यांना एकदमच पडायचं असल्यामुळे कुणालाच पडता येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आली असेल त्या डोक्याचा विचार करताना ओळंब्याच्या अंगावर काटा यायचा. बांधणाऱ्याचं नाव कुठे कोरलेलं नव्हतं. ओळंबा देवापुढे हात जोडायचा, पण खरं सांगायचं तर त्यातला निम्मा नमस्कार त्या अनोळखी गवंड्याला असायचा.

वर बघत बसायला आणखी एक कारण होतं. प्रवचन ऐकू यायचंच नाही. फादर गोड माणूस, अभ्यास करून बोलणारे. पण पुढच्या चार बाकांना प्रवचन, मधल्यांना गुणगुण, आणि मागच्यांना नुसती फादरांची दाढी हलताना दिसायची. कमिटीने भोंगे लावून पाहिले. त्याने एवढंच झालं, की आधी जे हळू कळत नव्हतं ते आता मोठ्याने कळेना झालं. शेवटी फादरांनी मनावर घेतलं आणि शहरातून आवाजाचं शास्त्र शिकलेल्या एक बाई बोलावल्या. तिशीच्या असतील. त्यांनी वेदीसमोर उभं राहून एकदाच टाळी वाजवली आणि हातातल्या यंत्राकडे पाहत बसल्या. टाळी वर गेली, कमानींत फिरली, भिंतींवर आपटली आणि बऱ्याच वेळाने विझली.

"सहा सेकंद," बाई म्हणाल्या. "फादर, तुमचा शब्द संपतो, पण त्याचा आवाज संपत नाही. दुसरा शब्द पहिल्याच्या अंगावर चढतो, तिसरा दुसऱ्याच्या. मागे पोचतो तो नुसता गोंधळ."

उपाय ठरला. कमानींच्या खाली सपाट छत टांगायचं, भिंतींना कापडाच्या जाड फळ्या लावायच्या. ओळंब्याने हे ऐकलं आणि मान वर करून पाहिलं. त्या कमानी आता दिसणार नाहीत. पण कमिटीत त्याला कोण विचारतो? उलट कामाला त्यालाच बोलावलं. छताचे लोखंडी आधार भिंतीत कुठे ठोकायचे हे तोच सांगू शकेल, कारण एकतीस वर्षांपूर्वी त्या भिंतींचा गिलावा त्याच्याच हातचा होता.

आता इथे ताईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भिंतींचं होऊन बसेल.

आई गेली तेव्हा ओळंबा चार वर्षांचा होता आणि ताई तेरा. बाप कामानिमित्त सदा बाहेर. ताईने शिवणयंत्र पुढ्यात ओढलं आणि धाकट्याला वाढवला. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "एक पोर आहे मला, तेवढं बस." शिवणाव्यतिरिक्त तिची एकच चैन होती, रविवारी चर्चमध्ये गाणं. वेदीच्या डाव्या अंगाला उभी राहून ती एकटी गायची, आणि शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळायचा. रस्त्याने जाणारे सायकलवाले एक पाय खाली टेकून थांबायचे. लहानपणी ओळंब्याला वाटायचं, देवाचा आवाज बाईचा असतो.

मग ती मोठी दुरुस्ती निघाली. तेव्हाच्या फादरांकडे धाकट्याचा शब्द ताईनेच टाकला होता. त्याचं ते पहिलं मोठं काम. त्याने जीव ओतला. जुना भुसभुशीत चुना खरवडून काढला, सिमेंटचा गिलावा केला, तो घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत केला, वर तैलरंगाचे तीन हात दिले. पहिल्या रविवारी लोक भिंतींवरून हात फिरवून बघत होते. त्याच रविवारी ताई गायला उभी राहिली आणि तिचा आवाज वर जाऊन कुठेतरी अडकला. तिला स्वतःचंच गाणं उशिरा ऐकू यायला लागलं. सूर सुटला. पुढच्या रविवारी तिने जोर लावला, तर ते ओरडण्यासारखं झालं. तिसऱ्या रविवारी ती मधेच थांबली आणि खाली येऊन बसली.

लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं? "वय झालं. आवाज बसला बिचारीचा." एकोणचाळीस वर्षांची होती ती. डॉक्टरांनी घशात बत्ती लावून पाहिलं, काही दिसलं नाही. तेव्हापासून ताई शेवटच्या बाकावर बसू लागली. यंत्रावर बसून शिवतानाही कधी गुणगुणली नाही. धाकट्याने दोन-तीनदा विषय काढला, तर म्हणाली, "संपलं ते. आता सुईत दोरा ओवून दे मला, दिसत नाही."

तर आता एकसष्ट वर्षांचा ओळंबा परांचीवर चढला होता. भिंत कुठे भरीव, कुठे पोकळ, हे तो थापीच्या मुठीने ठोकून बघत होता. भरीव भिंत ठक् बोलते. कमानी जिथून उठतात त्याच्या हातभर खाली तो ठोकत चालला होता, ठक्, ठक्, ठक्, आणि मधेच भिंत ढब् बोलली. तो थांबला. दोन हात पुढे पुन्हा ढब्. आणखी दोन हातांवर पुन्हा. सगळ्या पोकळ्या एका रेषेत, मोजून मापून. पाचवी पोकळी सापडली तेव्हा त्याला आठवलं.

इथे भोकं होती. दोन्ही भिंतींना बारा-बारा, वितीएवढी गोल. त्याला वाटलं होतं कबुतरांनी केलीत. दोन-तीन भोकांत पिसं आणि काड्याही होत्या. कबुतरं एका रेषेत, दोन-दोन हात मोजून भोकं करत नाहीत, हा विचार तिशीतल्या गवंड्याच्या मनाला शिवलाही नव्हता. गवंड्याने भोकात डोकवायचं नसतं, भोक बुजवायचं असतं, असा त्याचा तेव्हाचा खाक्या. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचे बोळे कोंबले, वरून गिलावा फिरवला, आणि संध्याकाळी घरी येऊन ताईला म्हणाला होता, "आज चोवीस भोकं बुजवली. भिंत कशी नितळ झालीय बघ."

त्याने छिन्नी लावली. सिमेंटचा पापुद्रा सुटला, मागून पोत्याचा बोळा निघाला, तीस वर्षं तसाच कोरडा. आत काळोख. त्याने हात घातला. दगड लागेल म्हणून घातलेला हात एका गार, गोल पोटावरून फिरला. ते मडकं होतं. भाजलेल्या मातीचं मडकं, भिंतीत आडवं निजवलेलं, तोंड चर्चकडे करून. आतून बोटांना बारीक वळ्या लागत होत्या. चाकावर माती उचलताना कुंभाराची बोटं फिरली होती त्या. दोनशे वर्षांपूर्वीची बोटं. ओळंब्याने आपली बोटं त्या वळ्यांवर ठेवली, ती नेमकी बसली.

"अरे बापरे," तो मडक्याच्या तोंडाशी म्हणाला. मडक्याने तो शब्द घेतला, आत फिरवला आणि त्याच्या कानशिलात परत दिला.

तेवढ्यात खाली वेदीपाशी फादर खाकरले. आणि त्याच्या कानाशी ते मडकं अगदी हळू घुमलं. कुणी तोंड लावलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. पन्नास हातांवर एक म्हातारा खाकरला आणि भिंतीने त्याला हुंकार दिला. ओळंबा फळीवर बसला. भिंत म्हणजे काय, हे आपल्याला कळतं असं तो आयुष्यभर समजत आला होता. आणि इथे कुणी एक होता, ज्याला दगडाचं वजन तर कळत होतंच, पण हवेतून जाणारा, न दिसणारा, हाती न लागणारा आवाजही कळत होता. त्याने त्या आवाजासाठी भिंतीत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, कुंभाराकडून मापाची मडकी करून घेतली, आणि कुणाला काही न सांगता निघून गेला. ओळंब्याने फळीवर बसल्या बसल्याच हात जोडले. या वेळचा नमस्कार पुरा त्याचाच होता.

जोडलेले हात खाली यायच्या आत ताई आठवली, तिचा कमानींत अडकलेला सूर आठवला.

आवाजाच्या बाई परांचीवर चढून आल्या. त्यांनी मडक्याला कान लावला, मग हात लावला. "पुस्तकात फोटो पाहिला होता काका," त्या म्हणाल्या. "हात कधी लावला नव्हता." मग त्यांनी समजावून सांगितलं, की मडकं घुमणारा जाड आवाज गिळून टाकतं, आणि शब्द मोकळा होतो. "पण सगळं मडक्यांवर ढकलू नका. खरा घात या सिमेंटने आणि तैलरंगाने केलाय. जुना चुना मऊ असतो, थोडा आवाज पिऊन टाकतो. ही भिंत काहीच पीत नाही, सगळं परत फेकते."

फादर खालून मान वर करून ऐकत होते. त्यांना तर आनंद मावेना. "कुठल्या शहाण्याने बुजवली असतील हो ही? तुमच्या गिलाव्याच्याही आधी?"

ओळंब्याने पोत्याचा बोळा मुठीत दाबला. "जुनं काम आहे," तो म्हणाला. हे काही खोटं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत काय आहे ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

बाईंनी कमिटीकडून तीन आठवडे मागून घेतले. एका भिंतीचं सिमेंट काढायचं, चुना चढवायचा, बारा मडकी उघडायची आणि मग मोजायचं. फरक पडला तर ठीक, नाहीतर छत आहेच. रविवारी फादरांनी वेदीवरून ओळंब्याचं कौतुक केलं. मागच्या बाकांना ते ऐकू गेलं नाही, तेवढंच एक बरं झालं. पण बाहेर पायऱ्यांवर बायकांनी ताईला गाठून सगळं सांगितलंच.

त्या दुपारी ताईने त्याला जेवायला बोलावलं. त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. "माझ्या धाकट्याने शोधून काढलं," ती म्हणाली. "दोनशे वर्षांत कुणाला दिसलं नाही ते. मी तेव्हाच फादरांना सांगितलं होतं, याच्या हाताला यश आहे म्हणून." ओळंब्याने ताट बाजूला सारलं. त्याने पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि उठला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. "सत्तर वर्षांच्या झाल्या त्या," ती म्हणाली. "आता सांगून काय मिळणार? जुनी खपली कशाला काढता?" आणि मग, ताटं उचलता उचलता, "पण सांगितल्याशिवाय तुम्हाला जेवण जायचं नाही, हेही दिसतंय मला."

तीन आठवडे त्याने काम केलं ते वेड लागल्यासारखं. तरुणपणी घोटलेला आरसा आपल्याच हाताने फोडला. लाद्यांच्या लाद्या निखळून खाली पडत होत्या. चुना भिजत घातला, मुरवला, चाळला. चुन्याचं काम जमणारा तोच एकटा उरला होता, त्यामुळे हाताखालच्या माणसांना शिकवत शिकवत, ओरडत ओरडत, त्याने भिंत पुरी केली. ती आता नितळ नव्हती. थोडी खरखरीत, ताकासारखी पांढरी, आणि वर ओळीने बारा काळी तोंडं उघडी. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी भोकं समोर असून ओळंब्याचे हात शिवशिवले नाहीत.

बाईंनी टाळी वाजवली. यंत्र पाहिलं. "सहाचे चार," त्या म्हणाल्या. "एकाच भिंतीने. पण टाळी म्हणजे टाळी. मला माणसाचा आवाज ऐकायचाय. इथे गाणारं कुणी आहे का?"

फादर काही बोलणार तेवढ्यात ओळंबा म्हणाला, "आहे एक. घेऊन येतो."

ताई खिडकीशी यंत्रावर बसून शाळेच्या गणवेशाची कॉलर शिवत होती. ओळंबा दारातच उभा राहिला. आत जायची हिंमत होईना.

"ये ना. उंबऱ्यावर का उभा?"

"ताई, ती भोकं मी बुजवली होती."

"कुठली भोकं?"

"मडक्यांची. एकतीस वर्षांपूर्वी. दुसऱ्या कुणी नाही, मीच. तुला तेव्हा घरी येऊन सांगितलंही होतं. आणि चुना काढून सिमेंट फासलं ते वेगळंच." त्याला वाटलं होतं, एवढं बोलल्यावर ती समजेल. ती नुसती बघत राहिली. तेव्हा त्याने सरळ सांगितलं. "तुझा आवाज बसला नव्हता, ताई. मी चर्चची भिंत बिघडवली. तुझं काही बिघडलं नव्हतं."

ताईने तळहाताने यंत्राचं चाक थांबवलं. कॉलरीवरची सुई अर्धी आत, अर्धी बाहेर. रस्त्यावरून कुणीतरी बोलत गेलं, त्यांचं बोलणं लांब जाऊन संपलं.

"एकतीस वर्षं मी देवाला विचारत होते," मग ती म्हणाली, "माझं काय चुकलं म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दोरा दातांनी तोडला, यंत्रावर झाकण ठेवलं, चपला घातल्या आणि त्याच्या अंगावरून बाहेर पडली. तो मागून चालू लागला. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

ताई चर्चमध्ये शिरली. फादरांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तर बाईंनी हळूच हात वर करून त्यांना थांबवलं. ओळंबा शेवटच्या बाकापाशीच उभा राहिला. ताई वेदीच्या डाव्या अंगाला, तिच्या जुन्या जागी गेली. त्या बारा तोंडांकडे तिने एकेक करून पाहिलं. मग डोळे मिटले.

सुरुवात कापरी झाली. सत्तर वर्षांचा आवाज तो, पातळ झालेला. दम पुरत नव्हता. पहाटेच्या उजेडाचं जुनंच स्तोत्र होतं. पहिली ओळ वर गेली. ओळंबा श्वास रोखून वाट पाहत राहिला, आता ती कमानींत अडकणार, आता गोंधळ होणार. ओळ कमानींपर्यंत गेली, तिथे क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि सबंधच्या सबंध, एकही अक्षर न सांडता, त्याच्यापर्यंत आली. पाठोपाठ दुसरी आली. दोन ओळींच्या मधे ताईने श्वास घेतला, तोही त्याला शेवटच्या बाकापाशी ऐकू आला. इतकं उंच ते छप्पर, इतकं लांब ते दालन, आणि त्यात एका म्हातारीचा श्वास हरवत नव्हता. फादरांनी केव्हा गुडघे टेकले ते कुणी पाहिलं नाही. बाई यंत्राकडे बघायचं विसरूनच गेल्या होत्या.

उंच जागेवर आवाज फाटला. ताई खोकली आणि थांबली. सूर हवेत थोडा रेंगाळला आणि स्वच्छ विझला. ताईने डोळे उघडले. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी अगदी हळू, जोर न लावता, स्वतःशीच म्हणावं तशी. तीही पोचली.

ताईचा हात गळ्याशी गेला.

"म्हणजे मी नव्हते," ती पुटपुटली.

ते ती कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. शेजारी उभ्या असलेल्यालाही एरवी कळलं नसतं. पण चर्चच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या ओळंब्याला ते कानात सांगितल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं, आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस बाकाची पाठ धरून लहान पोरासारखा रडायला लागला.

त्याचं रडणंही भिंतीने तसंच तिच्याकडे नेलं असणार. ताईने पदराने आधी स्वतःचं तोंड पुसलं.

"धाकट्या," ती तिथूनच, आवाज न चढवता म्हणाली, "रडतोस काय उभा राहून? त्या भिंतीची बारा कोण उघडणार?"

"मीच उघडतो, ताई."

"उघड मग. मी बसते इथे."